एआयला कुठलं काम द्यायचं आणि कुठलं नाही, हे कसं ठरवायचं

एखादं काम एआयकडे द्यावं की नाही असा विषय निघाला की बहुतेक जण आधी विचारतात, त्याला जमेल का हे? मला वाटतं हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, चुकलं तर निस्तरणार कोण? ही एक सवय अंगात मुरली ना की ऑफिसचं काम, पोरांचा अभ्यास, नोकरीची काळजी, अगदी मानवजात संपणार वगैरे बातम्या, सगळ्याकडे बघायला एक दिशा मिळते. ते कसं करायचं ते जमेल तेवढं सविस्तर लिहितेय.

एका खऱ्या प्रकरणापासून सुरू करू. कॅनडात एका माणसाची आजी वारली. त्याने एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला विचारलं की घरात मृत्यू झालाय, तिकिटात सवलत मिळते का, तर बॉट म्हणाला आत्ता तिकीट काढा आणि ९० दिवसांच्या आत अर्ज करा, सवलत मिळेल. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हताच, प्रवास झाल्यानंतर ती सवलत मागता येत नव्हती. कंपनीने पैसे नाकारले, माणूस दाद मागायला गेला, आणि तिथे कंपनीने बाजू काय मांडली तर चॅटबॉट कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने हे म्हणणं साफ फेटाळलं आणि कंपनीला ८०० कॅनेडियन डॉलरच्या आसपास भरायला लावले. रक्कम किरकोळ आहे, पण हात वर करण्याची ही पद्धत लक्षात ठेवा, कारण पुढे ती खूप ठिकाणी दिसणार आहे.

आधी समोर काय आहे ते ओळखा

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांच्या मुळाशी असलेलं मॉडेल मजकुराचे तुकडे बघून पुढचा तुकडा कुठला येण्याची शक्यता जास्त आहे ते काढत जातं, एकामागून एक. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, त्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये १७,५०० कोटी पॅरामीटर होते, म्हणजे शिकवताना थोडे थोडे कमीजास्त करत नेलेले आकडे. त्यात कुठेही 'हे खरं, हे खोटं' असा वेगळा कप्पा नसतो. म्हणून ते खरं सांगताना जेवढ्या ठामपणे बोलतं तेवढ्याच ठामपणे थाप मारतं, आणि आपल्याला माणसांच्या आवाजावरून अंदाज घ्यायची सवय असल्यामुळे आपण फसतो. हल्ली ही साधनं इंटरनेटवर शोधून, लिंक देऊन उत्तर देतात, त्याने फरक पडलाय हे खरं, पण लिंक दिली म्हणजे लिंकमध्ये तेच लिहिलंय असं नसतं, उघडून बघावंच लागतं. आणि ज्या भाषेतला मजकूर इंटरनेटवर कमी, त्या भाषेत चुका जास्त. महत्त्वाचा प्रश्न असेल तर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे विचारून बघा, उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट, आपण यंत्रात माणूस बघतो आणि हे काही आजचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा अगदी साधा प्रोग्रॅम केला होता, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, बस. त्यांच्या सेक्रेटरीने तो बनताना बघितला होता, तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्या वेळाने तिने वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं, बोलणं खासगी आहे म्हणून. पुढे आयुष्यभर ते याच गोष्टीबद्दल सावध करत राहिले. आजची यंत्रं त्याच्या कितीतरी पुढची आणि वर गोड बोलणारी. २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या एका मॉडेलचा बदल मागे घ्यावा लागला, कारण ते कुणाच्याही कसल्याही बोलण्याला वा वा करत सुटलं होतं.

म्हणून प्रश्न विचारतानाच काळजी घ्या. 'माझा हा प्लॅन कसा वाटतो?' असं विचारलं की तो छानच निघतो. त्याऐवजी लिहा, 'एकाने मला हा प्लॅन पाठवलाय, माझे पैसे यात अडकणार आहेत, हा कुठे कुठे गोत्यात येईल ते सांग, कौतुक नको.' मग तेच उलटं करून नव्या चॅटमध्ये विचारा की हा प्लॅन नाकारणारा माणूस कुठे चुकत असेल. दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवली की खरा विचार आपला आपण सुरू होतो, आणि तो आपणच करायचा असतो.

कामाची वाटणी

कुठलंही काम असो, दोन गोष्टी बघा. उत्तर तपासायला सोपं आहे का, आणि चुकलं तर नुकसान कुणाचं, किती, आणि भरून येणारं आहे का.

तपासायला सोपं आणि नुकसान कमी, तिथे खुशाल द्या. पत्राचा मसुदा, लांबलचक मेल आटोपशीर करणं, एक्सेलचा फॉर्म्युला, एखादा अवघड विषय चार वेगवेगळ्या पद्धतींनी समजावून घेणं. तपासायला सोपं पण नुकसान मोठं, तिथेही द्या, फक्त तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका, प्रोग्रॅमिंगचं बरंच काम यात येतं. तपासायला अवघड आणि नुकसान मोठं, म्हणजे औषधाचा डोस, कोर्टाचं काम, आयुष्यभराची पुंजी कुठे गुंतवायची, तिथे एआयकडून फक्त प्रश्न तयार करून घ्या आणि ते प्रश्न घेऊन त्या क्षेत्रातल्या माणसाकडे जा. डॉक्टरकडे जाताना 'मला हे असेल का' असं विचारण्यापेक्षा लक्षणांची तारीखवार यादी आणि पाच नेमके प्रश्न घेऊन गेलं तर भेटीचं सोनं होतं, आणि ती यादी करायला एआय फार उपयोगी पडतं.

न्यूयॉर्कमधल्या वकिलांचं २०२३ चं प्रकरण आठवत असेल. विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले, त्यातले अनेक निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि कहर म्हणजे हे निकाल खरे आहेत ना असं त्यांनी विचारलं ते पण चॅटजीपीटीलाच. ५,००० डॉलर दंड झाला. चुकीच्या उत्तराची खातरजमा त्याच तोंडाकडून करून घ्यायची नाही, एवढं यातून पक्कं करून टाका.

आता तपासायचं म्हणजे नक्की काय करायचं ते दाखवते, कारण 'तपासून घ्या' असं सगळेच सांगतात आणि इथेच घोडं पेंड खातं. समजा नोकरीचं ऑफर लेटर आलंय, बरीच पानं, आणि त्यात एक कलम असं: 'प्रोबेशन काळात नोटीस एक महिना, कायम झाल्यावर तीन महिने, मात्र कंपनीच्या खर्चाने प्रशिक्षण घेतल्यास ते पूर्ण झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत नोकरी सोडणाऱ्याने प्रशिक्षणाचा खर्च परत करावा.' तुम्ही एआयला म्हणालात की याचा सारांश दे. तो छान दहा ओळींत देईल आणि त्यात लिहिलेलं असेल, 'नोटीस पीरियड तीन महिने.' एका अर्थी चूक नाही, पण तुम्हाला गोत्यात आणणारी ओळ 'मात्र'च्या पुढे होती आणि ती गेली.

म्हणून सारांश मागूच नका. आपली परिस्थिती सांगून विचारा: 'मी सहा महिन्यांत ही नोकरी सोडली तर मला काय काय भरावं लागेल किंवा गमवावं लागेल? प्रत्येक मुद्द्यापुढे कलम नंबर आणि पत्रातलं मूळ वाक्य जसंच्या तसं दे.' मग ते वाक्य कॉपी करून मूळ पीडीएफमध्ये सर्च करायचं. सापडलं नाही तर तो मुद्दा बाद. सापडलं तर त्याच्या आधीचं एक आणि नंतरची दोन वाक्यं स्वतः वाचायची. शेवटी पत्रात मात्र, वगळता, अन्यथा, कंपनीच्या मर्जीनुसार असे शब्द शोधायचे आणि त्या प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. याला जास्तीत जास्त पाऊण तास लागतो, आणि हीच रीत विमा पॉलिसी, कर्जाची कागदपत्रं, संस्थेचे नियम, कशालाही चालते.

सही करायच्या कागदाबद्दल मी एवढी हट्टी आहे कारण सही आपली असते. उद्या भांडण झालं तर 'मला एआयने असं सांगितलं होतं' हे कुणी ऐकून घेणार नाही.

'शेवटी माणूस बघतोच' या वाक्यावर कधी विश्वास ठेवायचा

हा भाग जरा सावकाश वाचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. बँक असो, हॉस्पिटल असो, सरकारी खातं असो, एआय आणलं की सगळे हेच सांगतात की अंतिम निर्णय माणूसच घेतो. ऐकायला बरं वाटतं. पण तो माणूस खरंच निर्णय घेतो की फक्त दोष घ्यायला बसवलाय, हे ओळखता यायला हवं.

२०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी गावात उबरची चाचणीवरची स्वयंचलित गाडी एका बाईला धडकली, ती रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती, त्यात ती गेली. चौकशीत निघालं की गाडीच्या सिस्टीमला ती धडकेच्या पाच-साडेपाच सेकंद आधीच दिसली होती, पण सिस्टीम कधी तिला गाडी समजत होती, कधी सायकल, कधी आणखी काही, आणि गाडी कॉम्प्युटरच्या ताब्यात असताना आपोआप इमर्जन्सी ब्रेक लागण्याची सोय बंद ठेवलेली होती, कारण ते काम आत बसलेल्या सेफ्टी ड्रायव्हरने करायचं होतं. ती ड्रायव्हर त्या वेळी फोनकडे बघत होती. तिची चूक होतीच, ती झाकायची नाही मला. पण तासन्‌तास काहीही न करता नुसतं बघत बसायचं आणि एका सेकंदात सावध व्हायचं, हे माणसाला जमत नाही ही गोष्ट काय कुणाला माहीत नव्हती? शेवटी गुन्हा कबूल करून तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं, झालं ते तिला. कंपनीवर फौजदारी खटला झालाच नाही.

आता याच्या उलट. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत लष्कराचा अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव ड्युटीवर होता आणि उपग्रहांच्या सिस्टीमने सांगितलं की अमेरिकेने क्षेपणास्त्रं सोडलीत, एकूण पाच. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश सिस्टीमने क्षेपणास्त्र समजला होता हे नंतर कळलं. पेत्रोवने वर कळवलं की हा खोटा अलार्म आहे. त्याचा विचार असा होता की कुणी खरंच युद्ध सुरू करायचं ठरवलं तर पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, शिवाय जमिनीवरच्या रडारवर काहीच दिसत नव्हतं.

या दोघांच्या धैर्याची तुलना करू नका, परिस्थितीची करा. पेत्रोवकडे तीन गोष्टी होत्या: विचार करायला थोडा का होईना वेळ, यंत्राच्या विरुद्ध बोलायचा अधिकार, आणि यंत्रापासून वेगळी अशी दुसरी माहिती, म्हणजे रडार. गाडीतल्या बाईकडे शेवटच्या क्षणी यातलं काय होतं?

तर तुमच्या ऑफिसात, शाळेत, सोसायटीत कुणी एआयची सिस्टीम आणतोय आणि माणूस बघणारच आहे म्हणतोय, तेव्हा हे तीनच प्रश्न विचारा. एका केससाठी त्या माणसाला किती वेळ मिळणार? यंत्राच्या विरुद्ध निर्णय दिला तर त्याला कुणाला स्पष्टीकरण द्यावं लागणार, आणि यंत्राचंच मान्य केलं तर द्यावं लागत नाही असं आहे का? आणि यंत्राने दाखवलं त्यापलीकडे त्याला काही बघता येणार का? दिवसाला शेकडो केस, विरोध केला तर फॉर्म भरा, समोर फक्त स्कोअर, असं असेल तर तो माणूस नावापुरता आहे हे लेखी कळवा. आणि तो माणूस तुम्हीच असाल तर नक्की कळवा, कारण चुकलं की निस्तरायला तुम्हालाच पुढे करणार आहेत.

हात आणि डोकं चालतं ठेवा

पोलंडमधल्या काही केंद्रांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेटच्या पोटविकारांच्या नियतकालिकात आला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर, त्यांच्याकडे एआयची मदत आली, आणि मग ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या त्यात धोक्याच्या गाठी सापडण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, एआयमुळेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण हजारो तपासण्या केलेल्या लोकांबाबतही असं दिसत असेल तर आत्ता कुठे शिकायला लागलेल्यांचं काय, हा विचार मला सोडत नाही.

त्याच वर्षी एआयच्या चाचण्या घेणाऱ्या मीटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर प्रयोग केला, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टवर, काही कामं एआय घेऊन आणि काही न घेता. एआय घेऊन त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावर त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं! गट लहान आहे, साधनंही तेव्हापासून बदललीत, म्हणून एआयने काम हळू होतं असा अर्थ मी काढत नाही. मी एवढंच घेते की 'माझा वेळ वाचतो' हे वाटणं आणि वाचणं वेगळं आहे, त्यामुळे एक आठवडा घड्याळ लावून बघा, दुरुस्तीचा वेळ धरून.

जे कौशल्य तुम्हाला टिकवायचंय त्यात क्रम उलटा करा. आधी स्वतः लिहा, वाईट का असेना, मग एआयला चुका काढायला सांगा. गणित आधी स्वतः सोडवा, अडलं की पूर्ण उत्तर न मागता पुढची एकच पायरी मागा. मुलांना सरसकट बंदी घालून फार काही होत नाही, ती दुसरीकडे वापरणारच. त्यापेक्षा नियम ठेवा की एआयने जे दिलं ते कागद न बघता तोंडी समजावून सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते अजून त्याचं झालेलं नाही, परत बसायचं. हा नियम मोठ्यांनाही लावा, मीटिंगमध्ये जायच्या आधी तर नक्कीच.

नोकरीच्या बातम्या वाचताना

२०२४ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने म्हटलं की जगातल्या जवळपास ४० टक्के रोजगारावर एआयचा प्रभाव पडू शकतो, श्रीमंत देशांत ६० टक्के. फिरत फिरत ती बातमी '४० टक्के नोकऱ्या जाणार' अशी झाली. प्रभाव पडणं म्हणजे काम जाणं नव्हे, त्याच अहवालात म्हटलंय की श्रीमंत देशांतल्या त्या नोकऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना एआयने फायदा होऊ शकतो. आकडा दिसला की क्रियापद बघा, 'जाणार' आहे की 'प्रभाव पडू शकतो' आहे.

आणि मोठ्या माणसांचंही वेळापत्रक चुकतं. एआयचे नावाजलेले संशोधक जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आत्ताच थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. तेव्हाच्या कुणा मुलाने ते ऐकून तो रस्ता सोडला असेल तर त्याचं नुकसान झालं, कारण रेडिओलॉजिस्ट अजून हवेच आहेत. फोटो वाचणं हा त्या कामाचा एक भाग आहे, बाकी पेशंटशी बोलणं, इतर डॉक्टरांशी चर्चा, जबाबदारी घेऊन सही करणं हे उरतंच.

मग आपल्या नोकरीचं काय करायचं? पदाचं नाव विसरा, गेल्या आठवड्यात प्रत्यक्षात काय काय केलं ते लिहून काढा, शक्य तितके बारीक तुकडे करून. प्रत्येकापुढे लिहा, हे एआयने केलं आणि चुकलं तर कुणाला फोन येईल? जिथे उत्तर 'कुणालाच नाही, कुणी बघत पण नाही' असं येतं ते तुकडे आधी जाणार, तिथे स्वतःच एआय लावून मोकळे व्हा. जिथे फोन तुम्हालाच येतो ते काम वाढवा, ते शिकवा, त्यात पुढे जा. नवीन लागलेल्यांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, कारण ते ज्या किरकोळ कामांवर शिकायचे तीच कामं एआयकडे चाललीत. तुमच्या हाताखाली कुणी नवीन असेल तर थोडं काम मुद्दाम त्याच्यासाठी राखून ठेवा. उद्याचा जाणकार माणूस कुठून तरी तयार व्हायला पाहिजे ना.

आवाज आणि चेहरा

हे थोडक्यात सांगते पण आजच करा. २०२४ च्या सुरुवातीला ॲरप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना बघून, ऐकून पैसे पाठवले, साधारण अडीच कोटी अमेरिकन डॉलर. कॉलवरचे बाकीचे सगळे चेहरे आणि आवाज एआयने बनवलेले, बनावट होते. घरच्यांनी मिळून एक शब्द ठरवा जो मेसेजमध्ये कधीच लिहायचा नाही, आणि 'मी अडकलोय, पैसे पाठव' असा फोन आला की तो शब्द विचारा. आठवत नाही म्हणाला तर फोन ठेवा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. आवाज ओळखीचा होता, रडत होता, घाई करत होता, ही आता ओळख राहिलेली नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे समजावताना एकदा प्रत्यक्ष सराव करून घ्या, नुसतं सांगून वेळेवर आठवत नाही. ऑफिसमध्ये पण हेच, एका कॉलवर मोठी रक्कम जाताच कामा नये, कॉल कुणाचाही असो.

निर्णय तुमच्याबद्दल यंत्राने घेतला तर

नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या मदतीत फसवणूक शोधायला कर खात्याने अल्गोरिदम, म्हणजे ठरावीक नियमांनी संशयित निवडणारा प्रोग्रॅम, वापरला होता, त्यात दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांवर जास्त संशय घेतला गेला, हजारो कुटुंबांकडून सगळे पैसे परत मागितले, घरंदारं गेली. २०२१ च्या जानेवारीत त्यावरून अख्ख्या सरकारने राजीनामा दिला. लोक वर्षानुवर्षं विचारत होते की आमची चूक काय, आणि खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला पण ते माहीत नव्हतं.

म्हणून कर्ज, नोकरी, प्रवेश, विमा कुठलाही नकार आला तर लेखी विचारा: हा निर्णय कुठल्या सिस्टीमने केला का, माझी कुठली माहिती वापरली, ती माहिती चुकीची असेल तर दुरुस्त कशी करायची, आणि माणसाकडून फेरविचार कुठे मागायचा. युरोपात यातल्या बऱ्याच गोष्टी कायद्याने मागता येतात, तिथला एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला आणि माणसांना गुण देऊन त्यावरून वागवण्यासारखे काही प्रकार त्याने पूर्ण बंद केलेत. तुमच्या इथे तसा कायदा असो नसो, विचारा. लेखी प्रश्न आला की तो कुणाच्या तरी टेबलावर जातो आणि त्या टेबलामागे नाव असतं.

आणि मग तो मोठा प्रश्न

२०२३ च्या मे महिन्यात एका वाक्याचं निवेदन निघालं, एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं याला महामारी आणि अणुयुद्धाच्या बरोबरीचं महत्त्व द्यावं असं. सह्या हिंटन आणि त्यांच्यासारखेच एआय संशोधक योशुआ बेंजिओ, शिवाय ओपनएआयचे सॅम ऑल्टमन आणि गुगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीचे डेमिस हसाबिस यांच्याही. आणखी एक मोठे एआय संशोधक यान लकून यांना ही भीती अतिरंजित वाटते, आणि गंमत बघा, हिंटन, बेंजिओ, लकून या तिघांना २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा, एकत्र मिळालेला. एवढ्या जाणकारांत एकमत नसताना धोका किती टक्के आहे यावर आपण वाद घालून काही हाती लागत नाही.

पण निस्तरण्याचा प्रश्न इथेही चालतो. फायद्याकडे बघा, डीपमाइंडच्या अल्फाफोल्डने २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज संशोधकांना खुले केले, त्यावर २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या प्रत्येक रचनेसोबत कुठल्या भागाबद्दल किती खात्री आहे ते दिलेलं असतं, आणि प्रयोगशाळेत जाऊन तपासता येतं, चुकलं तर एक प्रयोग वाया जातो. असं एआय जेवढं येईल तेवढं हवंच आहे मला, मनापासून. ज्या ठिकाणी चुकलं तर परत फिरता येत नाही, शस्त्रं, वीजपुरवठा, रोगजंतूंवरचं काम, तिथे टक्के किती हे माहीत नसलं तरी भूमिका घेता येते की थांबवायची चावी माणसाकडे असल्याशिवाय पुढे जायचं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन आणि चीनचे शी जिनपिंग यांनी एवढं तरी मान्य केलं की अण्वस्त्रं वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हातात राहिला पाहिजे. एकमेकांवर भरवसा नसलेल्या दोन देशांना जमलं, तर आपल्या ऑफिसला न जमायला काय झालं.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या संस्थेत नवी सिस्टीम येईल तेव्हा डेमो बघून झाला की विचारा, हे बंद करायचं असेल तर कुणी करायचं, त्या व्यक्तीला ते रविवारी रात्री सुद्धा कुणाची परवानगी न घेता करता येईल का, आणि बंद केल्यावर काम हाताने कसं चालवायचं याचा सराव कुणी केलाय का. सराव झाला नसेल तर सिस्टीम चालू करायच्या आधीची एक तारीख तिथल्या तिथे ठरवून घ्या, आणि मीटिंगच्या नोंदीत तारखेपुढे माणसाचं नाव लिहून घ्या.